वाळूच्या तुटक रेघा

डोंबिवली पूर्व,
२७ जुलै १९९७

प्रिय मंजुळा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट न उघडता फडताळावर टाकलंस तरी मला काही म्हणायची सोय नाही. पण उघडलंस तर पुरतं वाच. मला थोडक्यात लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. सर म्हणायचे, हेमाला सूत्र विचारलं की ती आधी प्रस्तावना सांगते. आज प्रस्तावना लांबली तर ती भीतीने लांबली असं समज. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तू घरी होतीस आणि मी एकटी प्रयोगशाळेत होते, तेव्हा काय झालं ते मला तुला सांगायचं आहे. ते मी या वर्षापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि त्या एका दिवसावरच तुझा प्रबंध मोडला.

आधी बातमी देते. सर गेले. मार्चमध्ये, ठाण्यातच, पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. तुला कुणी कळवलं नसणार. मी कळवायला हवं होतं. कॉलेजपासून तुझं सासर चालत वीस मिनिटांवर आहे, आणि मी त्याच कॉलेजात शिकवते. वीस मिनिटं चालायला मला अकरा वर्षं जमलं नाही, यावरून काय ते ओळख. शेवटपर्यंत सरांची स्मरणशक्ती शाबूत होती. मला म्हणाले, आपल्या वाळूवाल्या पोरीचं काय चाललंय? मी म्हटलं, बरं चाललंय सर, पालिकेच्या शाळेत शिकवते, दोन मुली आहेत. ही माहितीसुद्धा मी चोरूनच जमवलेली होती. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, डोळे फार चांगले होते तिचे. मी त्यांच्या उशाशी मोसंबं सोलत बसले होते. तेव्हा सांगायला हवं होतं. मी मोसंब्याच्या बिया काढत राहिले.

गच्चीवरची आपली पत्र्याची खोली पाडली, हे तरी माहीत आहे का? तिथे आता कॉम्प्युटरचा वर्ग आहे, एसी लावलाय, चपला बाहेर काढाव्या लागतात. आपल्या वेळी एप्रिलमध्ये तिथे मेणबत्त्या आपोआप वाकायच्या. त्या खोलीत वाऱ्याची ती आठ फुटी पेटी: प्लायवुडची, एका अंगाला काच, टोकाला कल्याणच्या भंगारवाल्याकडून आणलेला पंखा, जो सुरू झाला की खालच्या मजल्यावर मराठीच्या बाई वर्ग सोडून वर यायच्या. छत्रीच्या कापडाचे पडदे तू शिवलेस. माझं शिवण बघून तू हातातून सुई काढून घेतली होतीस, तेही आठवतं. आणि वाळू तुझ्या घरची, मोठागावच्या खाडीतली. तुझ्या आई, शेवंतीकाकू, ती खार जाईपर्यंत तीनतीनदा धुऊन पत्र्यावर वाळत घालायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "मानसाला प्यायला पानी नय, आन् आमची पोर वालूला आंघोल घालतेय." मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "तू बामनाची ना गो? तुला काय खायाला देऊ?" आणि मग स्वतःच डोकं लावून पोळीबरोबर साखर दिली होती. मी ती खाल्ली, आणि घरी आईला सांगितलं की फक्त चहा घेतला. खोटं बोलायची मला लहानसहान सवय होती बघ. ती तेव्हा मला सवय वाटत नव्हती.

आपलं काम काय आहे हे मी लोकांना सांगायला लागले की लोक हसायचे. दोन पदवीधर मुली वाळूच्या कणांच्या उड्या मोजतात. पण मला ते काम आवडायचं, मंजुळा, खरंच आवडायचं. वाऱ्याने वाळू उडते असं आपण म्हणतो, पण बहुतेक कण उडतच नाहीत, उड्या मारतात. जमिनीवरून उसळतात, वाऱ्याबरोबर थोडं पुढे जातात, पडतात आणि पडताना दुसऱ्याला उसळवतात. तू पडदे लावून, अंधार करून, दिव्याची एक पातळ फट पेटीत सोडायचीस आणि कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवायचीस. कण त्या फटीतून गेला की त्याच्या उडीची पांढरी रेघ फिल्मवर उमटायची. ती रेघ भिंगाखाली मोजायची हे तुझं काम, आणि तीच उडी कागदावर गणिताने मारून दाखवायची हे माझं. कणाचं वजन किती, हवा त्याला किती अडवते, एवढं घालून मी तक्ते करायचे, आणि तुझी रेघ माझ्या तक्त्याशी जुळली की दोघींचे प्रबंध पुरे. सर म्हणायचे, मंजुळाचे डोळे आणि हेमाचं अक्षर, एवढ्यावर माझं शास्त्र चाललंय. मला ते वाक्य आवडत नसे. डोळ्यांपुढे अक्षर म्हणजे काय?

तुझे कण माझ्या कणांपेक्षा वर जायचे. थोडेथोडके नाही, कधी तिसऱ्या हिश्श्याने वर. सगळे नाही, काहीच. मी गणित पुन्हा पुन्हा केलं. तू मोजमाप पुन्हा पुन्हा केलंस. मग एक दिवस तू मला भिंग दिलंस आणि म्हणालीस, रेघ किती उंच गेली ते सोड, रेघच बघ. रेघ अखंड नव्हती. धावदोऱ्यासारखी होती, एक टाका, मग जागा, मग टाका. तू तिथल्या तिथे सांगितलंस की खाडीच्या वाळूत शिंपल्याचा चुरा असतो, त्याची एक बाजू चकाकते, एक नाही. कण नुसता पुढे जात नाही, गरगरत जातो. चकाकती बाजू दिव्याकडे आली की टाका, फिरली की जागा. तू हिशेब करून सांगितलंस, सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा फिरतोय. आणि ज्यांचे टाके जवळजवळ, म्हणजे जे जास्त जोरात फिरतात, तेच वर जातात. मग मला ओढत खाली जिमखान्यात नेलंस, टेबल टेनिसच्या टेबलाशी, आणि चेंडू खालून कापून मारलास. तो तरंगत आल्यासारखा आला, पडायचा त्यापेक्षा उशिरा पडला. कापलेल्या चेंडूला हवा वर धरते, तशीच फिरत्या कणाला उचलते, असं तू म्हणालीस. तुझ्या कपाळावर घाम होता आणि तू हसत होतीस. मी चेंडू उचलायला वाकले. मला त्या क्षणी तुझा राग आला होता, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

राग का, ते तुला तेव्हा कळलं नाही, कारण तू तसा विचारच करायची नाहीस. माझ्या गणितात फिरणं नव्हतंच. कण माझ्या कागदावर दगडासारखा जायचा आणि दगडासारखा पडायचा. तुझं बरोबर असेल तर माझी दीड वर्षं चुकीची नाही तरी अपुरी होती, सगळं पुन्हा मांडायला लागणार होतं. त्यात माझं लग्न डिसेंबरात ठरलेलं. कॉलेजात अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली होती, ऑक्टोबरपर्यंत प्रबंध हातात हवा होता. एकच जागा, मंजुळा, आणि आपण दोघी. आपण त्यावर थट्टा करायचो, तू म्हणायचीस तू आधी लाग, तुझ्या सासरच्यांना नोकरीवाली सून हवी आहे. तू थट्टा करत होतीस. मी मात्र ऐकून ठेवत होते.

सरांनी तुझं म्हणणं नीट ऐकलं. मग ते म्हणाले, दिवा कॉलेजच्या विजेवर चालतो, ही वीज सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, रेघ तुटते ती दिव्यामुळे, कणामुळे नाही. दिव्याची तार इतक्या चटकन विझत-पेटत नाही, हे बारावीच्या मुलालाही सुचायला हवं, पण सरांनी म्हटलं म्हणजे झालं, अशी आपली पद्धत. तरी सर माणूस सचोटीचे. त्यांचा लेख छापायला गेला होता, त्यातही फिरणं नव्हतं. ते म्हणाले, बॅटरीवर दिवा लावा, बॅटरीची वीज सरळ असते. तरीही रेघ तुटक आली तर लेख मी माझ्या हाताने परत मागवीन, आणि हेमाने गणित पुन्हा मांडायचं. ते तसं करणारे होते. म्हणूनच मी घाबरले.

बॅटरी कुठून आणायची यात निम्मा पावसाळा गेला. कॉलेजकडे नव्हती. मग तुझ्या वडिलांची, काळुरामकाकांची, होडी लक्षात आली. नवीन इंजिन बसवलं होतं, दिव्याला बॅटरी होती, आणि पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. पण काका आधी तयार होईनात. मग तू भांडलीस, जेवली नाहीस, तेव्हा कबूल झाले, एका अटीवर: नारळी पौर्णिमेला नारळ सोडायच्या आधी बॅटरी होडीवर परत. पूजेच्या दिवशी होडी पुरती हवी, दिव्यासकट, अपुऱ्या होडीची पूजा करत नाहीत. म्हणून शेवटी आदला दिवस मिळाला. सर परीक्षेच्या बैठकीला पुण्याला गेलेले. तुला घरून निघता येईना, होडीला रंग लावायचा राहिला होता, करंज्या व्हायच्या होत्या, थोरली मुलगी तू. तू चिठ्ठी पाठवलीस, हेमा, तूच कर, तू केलंस काय आणि मी केलं काय. ती चिठ्ठी मी अजून फाडलेली नाही.

काका बॅटरी खांद्यावर घेऊन आले. डोंबिवलीहून रिक्षावाला घेईना म्हणून दोन बस बदलून, तीन जिने चढून. सदऱ्यावर आम्लाचे डाग पडले होते, लुंगीला भोक. मी आत बोलावलं तर आले नाहीत, "आत तुमच्या काचा हायत, मी भायेर बरा," म्हणाले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. "कती वेल लागंल गो?" विचारलं. मी म्हटलं, तीन तास. ते तीन तास बसले. मधे मी चहा पाठवला तो त्यांनी शिपायाबरोबर अर्धा अर्धा घेतला.

मी मोटारीचा दिवा बॅटरीला जोडला, पंखा लावला, तू सांगितलंस तशीच सगळी मांडणी केली. एक पूर्ण रोल, छत्तीस चित्रं. बाथरूममध्ये तो धुतला आणि ओला रोल खिडकीशी धरला. रेघा तुटक होत्या. विजेवर जशा होत्या तशाच, तोच टाका, तीच जागा. मी भिंग घेऊन मोजलं सुद्धा, सवयीने. दोनशे तीस, दोनशे साठ. तुझंच बरोबर होतं, मंजुळा. मला ते त्याच दिवशी कळलं. खिडकीशी उभी राहून मला आधी खूप आनंद झाला, हे तुला खोटं वाटेल. आपलं एक माणूस असं बरोबर निघतं तेव्हा होतो तसा. तो किती वेळ टिकला सांगता येणार नाही, पण फार नाही.

मग मी पुढे बघत गेले आणि चार चित्रांत तुटकी रेघ एकही नव्हती, होती ती अखंड. फिकट, पण अखंड. ते काळ्या वाळूचे कण होते, ज्यांच्यात शिंपला नव्हता. ते फिरत असले तरी चकाकणार कुठून? हेही मला लगेच कळलं. न कळून केलं असतं तर आज इतकी पानं लागली नसती. मी ती चार चित्रं कापून घेतली. उरलेली बत्तीस बारीक कापली आणि प्रयोगशाळेच्या केराच्या डब्यात, ओल्या कापसाखाली टाकली. वहीत लिहिलं, बॅटरीवर रेघा अखंड येतात, नमुन्यादाखल चार चित्रं जोडली आहेत. ‘नमुन्यादाखल’ हा शब्द लिहायला मला फार वेळ लागला नाही. माझं अक्षर चांगलं होतं ना.

बॅटरी सोडवून मी बाहेर आले तेव्हा काका उठून उभे राहिले. "झाला का गो?" म्हणाले. मी म्हटलं, झालं काका. मग त्यांनी विचारलं, "आमच्या मंजुलाचा बरूबर निंगाला का?" सरांना सांगायच्या आधी, तुला सांगायच्या आधी, मी ते खोटं तुझ्या बापाला सांगितलं. म्हटलं, नाही काका, तिचं थोडं चुकलं. त्यांनी मान हलवली. "पोर चुकतेच," म्हणाले, "तू समजाव तिला, रडल ती." आणि बॅटरी खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागले. मी वरून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी होडीची पूजा केली असेल, दिवा लावला असेल. ते गेल्याचं मला त्र्याण्णव साली कळलं. मी आले नाही, कुठल्या तोंडाने येणार होते?

तू रडली नाहीस. कॉलेजच्या जिन्यात मला एवढंच विचारलंस, सगळी चित्रं बघितलीस ना गं? मी म्हटलं, सगळी. ते खरंच होतं. पुण्याहून आल्यावर सरांनी ती चार चित्रं भिंगाखाली बराच वेळ धरली आणि तुझं फिरण्याचं प्रकरण प्रबंधातून काढायला सांगितलं. तू काढलंस. पण उंचीची मोजमापं तशीच राहिली, ती तू बदलायला तयार नव्हतीस. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. कण इतके वर का जातात? फिरत नाहीत असं तुम्हीच म्हणता, मग मोजमाप चुकलं असणार. मी बाहेर बाकावर होते, दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं, आता तू म्हणशील, मी चित्रं बघितली आहेत, मला बॅटरीचा पूर्ण रोल दाखवा. तुझ्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. तू म्हणालीस, "सर, ती तपासणी हेमाने केली आहे. हेमा खोटं बोलणार नाही. म्हणजे माझेच डोळे चुकले असतील." प्रबंध मोजमापं दुरुस्त करायला परत आला. तू परत दिला नाहीस. ऑक्टोबरात ती जागा मला मिळाली. डिसेंबरात माझं लग्न झालं, तू आहेराला साडी घेऊन आलीस, मोरपंखी. ती मी एकदाही नेसले नाही.

एकोणनव्वदमध्ये मुंबईच्या एका ग्रंथालयात दुसरंच काहीतरी शोधताना मला परदेशातल्या एका जुन्या मासिकात वाळूवरचा लेख सापडला. वाऱ्याने उडणारे कण सेकंदाला शेकडो वेळा फिरतात, आणि त्या फिरण्यामुळे हवा त्यांना उचलते, म्हणून ते नुसत्या वजनाच्या हिशेबापेक्षा उंच आणि लांब जातात. शेजारी वक्ररेषा होत्या. मला त्या ओळखायला वेळ लागला नाही, मी त्या तुझ्या कागदावर बघितल्या होत्या. लेख आपल्या कामाच्या कितीतरी आधी छापलेला होता. आपण तो वाचला असता तर ना बॅटरी लागली असती, ना मी लागले असते. मी काय केलं माहीत आहे? मासिक परत ठेवताना ते मुद्दाम चुकीच्या फळीवर ठेवलं, वनस्पतिशास्त्रात, म्हणजे ठाण्याहून कुणी आलंच तर सापडू नये. अट्ठावीस वर्षांची बाई होते मी, नोकरी पक्की झालेली, आणि असं वागत होते.

तुला मी बघते कधी कधी. रविवारी तू ठाण्याच्या मासळी बाजारात सासूबाईंच्या मदतीला बसतेस. मला मासळीशी काय कर्तव्य, पण मी पलीकडच्या फुटपाथवरून जाते. गेल्या वर्षी एकदा थांबले. तू पापलेट तराजूत टाकलंस, काटा बघितलास, काढलंस, पुन्हा टाकलंस, आणि समोरच्या बाईला म्हणालीस, तुम्ही बघा किती आहे, मला नीट दिसत नाही. सासूबाई कंटाळून म्हणाल्या, "हिचा आसाच, दोनदा केल्याबिगर हिला पटत नय." तुला चष्मा नाही, मंजुळा. भिंगाखाली मिलिमीटरचा दहावा भाग सांगणारी तू. मी तिथून निघाले आणि स्टेशनपर्यंत पोचले कशी ते मला आठवत नाही.

सरांच्या दहाव्यानंतर मी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, म्हणाला वाळूचा कण फिरला काय, न फिरला काय, कोण मेलं? मग माझं तोंड बघून म्हणाला, सगळं पहिल्यापासून सांग. एप्रिलमध्ये मी विद्यापीठाला लिहिलं, माझी पदवी काढून घ्या, आणि का ते सविस्तर. वाटलं होतं आकाश कोसळेल. काहीच झालं नाही. जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि फार मायेने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना. विद्यापीठाने दोन माणसांची समिती नेमली आहे, पण त्यांचा कल मला समजलाय. त्यांच्यापुढे माझी चार चित्रं आहेत, प्रबंधात चिकटवलेली, रेघा अखंड. त्याविरुद्ध फक्त माझं तोंड आहे. पुरावा म्हणतो मी तेव्हा खरं बोलले, आणि मी म्हणते खोटं बोलले. उरलेली बत्तीस मीच कापून टाकली. माझं काम किती नीटनेटकं असायचं ते बघ.

गेल्या महिन्यात सरांच्या घरून, सुमतीकाकूंकडून, एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. त्यात तुझी विजेवरची जुनी चित्रं निघाली, एकोणीस कागद, कोपऱ्यात तुझ्या हातचे आकडे. ते सगळे या पत्राबरोबर आहेत. आपण त्यातल्या फक्त ठळक रेघा मोठ्या करून घ्यायचो, फिल्म आणि कागद वाचावा म्हणून. फिकट रेघांकडे कुणी बघितलंच नाही, तू नाही, मी नाही, सर नाहीत. मी आता बघितल्या. त्यांत काय आहे ते मी लिहिणार नाही, कुठे खूणही केलेली नाही. एकदा मी तुझ्यासाठी बघितलं, तेवढं पुरे झालं. तू भिंग घे, दिवसा उजेडी बस, आणि एकाच चित्रात शेजारी शेजारी असलेल्या ठळक आणि फिकट रेघा बघ. दिवा एक, वीज एक, क्षण एक. रेघ विजेमुळे तुटत असेल तर दोन्ही तुटायला हव्यात. एवढं बघितलंस की तुला माझ्या शब्दाची गरज उरणार नाही, ना तेव्हाच्या, ना आजच्या.

हे सगळं आजच का लिहिलं, ते आता सांगते. अकरा ऑगस्टला, सोमवारी, समिती कॉलेजात बसणार आहे आणि तुलाही बोलावणं येईल, तुझा पत्ता मीच दिला आहे. चित्रं तुझी आहेत हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि तू गप्प बसलीस तर हे प्रकरण मिटवून टाकायला सगळेच उत्सुक आहेत. मला तुझी भीती वाटते ती यासाठी की तू चांगली आहेस. तुला वाटेल, हेमाची नोकरी जाईल, तिचा मुलगा शाळेत आहे, झालं गेलं आता उकरून काय करायचं. माफ करायचं असेल तर पुढे कधीतरी कर, नाही केलंस तरी माझी तक्रार नाही, पण त्या खोलीत करू नकोस. तुझ्या तोंडी परीक्षेचा कागद त्यांच्यापुढे आहे, त्यातलं तुझं वाक्य ते वाचून दाखवतील आणि विचारतील, हेमा खोटं बोलणार नाही असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, आजही म्हणाल का? मंजुळा, नाही म्हण.

तुझीच,
हेमा